मामंजींचा लाल बगया

आमच्या सासरच्या गावात कुणी थाप मारली की समोरचा म्हणे, "हाऊ लाल बगया शे!" आमच्याकडे बोलताना 'ळ' जिभेवर टिकत नाही, म्हणून बगळ्याचा बगया. कुणी सांगावं, माझ्या म्हशीने आज घागरभर दूध दिलं, की लगेच चौघं एका सुरात म्हणणार, लाल बगया! मी नवी नवरी, मला ते फार आवडलं. माहेरी रनाळ्याला गेले तेव्हा तिथेही दोन-चारदा वापरून भाव खाऊन आले. परत आल्यावर एके दिवशी जेवताना सहज तोंडातून निघून गेलं. नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, "तू तरी नको म्हनू. तो बगया आपलाच घरना शे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोष्ट अशी होती. मी त्या घरात यायच्या पंचवीसेक वर्षं आधी, मामंजी, म्हणजे माझे सासरे, ऐन तारुण्यात असताना, हिवाळ्यातल्या एका पहाटे तापीवर गेले होते. तिथे उथळ पाण्यात त्यांना पक्षी दिसले. माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, पाय काठीसारखे, चोच मध्येच वाकलेली, आणि अंग लाल. बगळे, पण लाल! ते धावत गावात आले, ज्याला त्याला सांगितलं, दहा-बारा माणसं घेऊन परत नदीवर गेले. नदीवर काय, दोन टिटव्या आणि वाळू. कुणी शहाण्याने निवाडा दिला की बगळे पांढरेच असणार, उगवतीची लाली पडली असेल अंगावर. झालं! गाव हसत हसत घरी गेलं आणि तेव्हापासून हसतच राहिलं.

एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. मामंजींनी एकदा भल्या सकाळी ओरडून सांगितलं होतं, वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झालाय, नदी चढतेय, वाळूतली डांगरं काढून घ्या. लोक म्हणाले, लाल बगया. दुपारपर्यंत पाच घरांच्या डांगरवाड्या वाहून गेल्या. तरी त्यांचं नाव काही बदललं नाही. गावाची बैठक बसली की सगळे बोलत, यांना कुणी विचारत नसे. मग त्यांनी बोलणंच कमी केलं. साठीला टेकलेला धडधाकट माणूस, पण आपल्याच ओट्यावर पाहुण्यासारखा बसलेला असे. मला त्याचा फार राग येई. मी मुळातच तापट, आणि ते माझे वडील असते तर मी अख्ख्या गावाशी भांडले असते.

एकदा मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, हे नाव गावात पहिल्यांदा उठवलं तरी कुणी?" त्या म्हणाल्या, "चूल इझी ऱ्हायनी, दख." विझतेय कुठली, चूल चांगली भडकलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, सासऱ्यांनाच विचारायचं. अहो, कसं विचारणार? सुनेने सासऱ्याशी बोलायचंच नाही, ही आमच्याकडची लाज. पदर भुवयांपर्यंत ओढायचा, ते ओट्यावर असले तर मागच्या दाराने जायचं, आणि आवाज त्यांच्या कानावर पडू द्यायचा नाही. मला चहाचं विचारायचं असलं तर मी सासूबाईंना सांगे, "आत्याबाई, विचारा, चहा ठेवू का." मामंजी तीन हातांवर बसून सगळं ऐकत असत. तरी सासूबाई वळून पुन्हा मोठ्याने विचारत, "चहा ठेऊ का, अशी म्हनस ती." ते म्हणत, "ठेव म्हनो." मग सासूबाई मला सांगत, "ठेव म्हनतस." चहाला उकळी यायला लागत नसे इतका वेळ त्या विचारण्याला लागे. सहा-सात वर्षं मी त्या घरात वावरले आणि मामंजींशी एक शब्द बोलले नव्हते.

पण आमची एक वेगळी बोली होती, आणि ती कुणालाच माहीत नव्हती.

मला लहानपणापासून पक्ष्यांचं वेड. रनाळ्याला आमच्या घरामागे तळं होतं, दिवाळी झाली की त्यात बदकं उतरत आणि मी कामं टाकून काठावर बसे. आई म्हणे, हिला बदकाच्या घरी द्या. सासरी आले आणि बघते तर काय, दोन शेतं ओलांडली की तापी! देवानेच दिलं म्हणायचं. सकाळी पाणी आणायला गेलं की मी घागर वाळूत ठेवून बघत बसे. नावं कुठे माहीत होती, मीच ठेवली. गुलाबी लांब पायांचा, धोतर वर धरून चिखलातून चालल्यासारखा पाय उचलणारा तो 'मास्तर'. चपट्या चोचीचं बदक ते 'उलथनं'. शेपटी आपटत धुणं धुतल्यासारखी नाचणारी 'परटीण'. चकवा-चकवी मात्र सगळ्यांनाच माहीत, भगव्या रंगाची, रात्रभर एकमेकांना हाका मारणारी. पुढे नातीने पुस्तक आणून दाखवलं तेव्हा कळलं, मास्तर म्हणजे शेकाट्या आणि उलथनं म्हणजे थापट्या. मला अजून माझीच नावं बरी वाटतात.

आणि मामंजी! त्यांनाही हेच वेड, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. कुंज पक्ष्यांच्या माळा 'कुर्र कुर्र' करत घरावरून जात तेव्हा ओट्यावरून त्यांचा खाकरा येई. एकदा नाही, दोनदा. मी पीठ मळत असले तरी तशीच उठून मागच्या अंगणात पळे, आणि वर बघते तर माळ बरोबर डोक्यावर! पहिल्यांदा योगायोग वाटला. पाच-सहा वेळा झाल्यावर मी ओळखलं, हा खाकरा खोकल्याचा नाही, माझ्यासाठी आहे. उत्तर म्हणून मी बांगड्या वाजवायची. बस, एवढंच आमचं बोलणं. सासूबाई म्हणत, "यास्ले हिवायामा खोकला फार."

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. अख्खा खानदेश घोडे बघायला लोटतो. माझ्या लग्नाच्या सातव्या वर्षी आमचं गाव झाडून निघालं. सासूबाईंचा नवस होता, नवऱ्याला घोडे बघायचे होते. मलाही जायचं होतं हो! नवं लुगडं काढून ठेवलेलं. पण म्हैस नुकतीच व्यायलेली, मामंजींचा गुडघा सुजलेला, म्हणून ठरलं की सून घरी राहील. माझं तोंड एवढंसं झालं. सासरा-सून एकटे नकोत म्हणून सासूबाईंनी शेजारच्या म्हातारीला दोन दिवस ओसरीवर बसवलं. ही म्हातारी आमच्यातला निरोप्या. बैलगाड्या गेल्या, घंटा ऐकू येईनाशा झाल्या, आणि दुपारी म्हातारी कुणाच्या तरी मागे राहिलेल्या गाडीत चढून यात्रेला पळाली. घरात उरलो मी, मामंजी आणि म्हैस.

तो दिवस कसाबसा गेला. मी ताट ओसरीवर ठेवून दार दोनदा वाजवायची, ते येऊन जेवायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी घागर घेऊन नदीवर गेले. थंडी अशी की दात वाजत होते. पाण्यावर धुकं होतं. पुराचं पाणी ओसरल्यावर पलीकडच्या वाळूआड एक पसरट, गुडघाभर पाण्याचं डबकं उरायचं, तिथे माझी बदकं असत. मी सवयीने तिकडे बघितलं. धुक्यात बरेच बगळे उभे होते. मी मनात म्हटलं, आज बगळ्यांची पण यात्रा दिसतेय. पण पाय फारच लांब वाटले. मान तर सापासारखी. आणि खातात कसे, तर डोकं उलटं करून पाण्यात बुडवून, पायांनी चिखल तुडवत! असं खाताना मी कुणाला बघितलं नव्हतं. मी उभीच राहिले. मग त्यातल्या एकाने आळस दिल्यासारखा एक पंख उघडला.

लाल! कुंकवाचा करंडा सांडावा तसा लाल, आणि कडेला काळाभोर.

माझ्या हातातली घागर गळून वाळूत पडली. "ओ माय वं!" असं मी चांगलं मोठ्याने ओरडले. मोजायला लागले, तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे निघाले, पण चाळीसच्या वरच. आणि मग डोक्यात एकदम लख्ख पडलं. अगं बाई, हे तेच! मामंजी खोटं बोलले नव्हते! तीस वर्षं हा माणूस खरा होता!

मी पळत सुटले. घागर भरली नव्हती तरी काखेत होती. दादरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, ताटांमधून, हरभऱ्याच्या बांधावरून, पदर कुठे, पाय कुठे. दारात आले आणि थबकले. मामंजी ओट्यावर घोंगडी घेऊन बसलेले. मी पदर ओढला आणि मुकी झाले. सांगू कुणामार्फत? म्हातारी पळालेली, गावात माणूस नाही. आणि पक्षी कुणासाठी थांबतात का? तीस वर्षांपूर्वी तरी थांबले होते का?

मी गोठ्यात शिरले. गोठा आणि ओटा यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत. मी म्हशीच्या समोर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात बोलायला लागले.

"म्हशीबाई! तुले सांगस मी! नदीवर लाल बगया उतरनात! धाकला डबकामा उभा शेत! चायीस शेत! आते जाशी तं दिखतीन, उशीर करशी तं उडी जातीन!"

म्हशीने रवंथ थांबवून माझ्याकडे बघितलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे म्हशी बोले आणि सासऱ्या लागे! भिंतीपलीकडे घोंगडी खाली पडल्याचा आवाज आला, मग काठी टेकल्याचा.

मी घागर डोक्यावर घेऊन पुढे निघाले, पाणी आणायला निघालेल्या सुनेसारखी. मामंजी मागून, शेताकडे निघालेल्या सासऱ्यासारखे. कुणी बघितलं असतं तरी काय बोट ठेवणार? पण त्यांचा गुडघा! माझ्या जिवाची नुसती घालमेल. मी दहा पावलं जाई आणि काठीचा ठक ठक आवाज मागे पडला की पायात काटा रुतल्याचं सोंग करून बांधावर बसे. त्या दोन शेतांत मला किती काटे रुतले म्हणून सांगू. मामंजी जवळ आले की पुन्हा उठून चालू लागे. ऊन वर चढत होतं. धुकं गेलं होतं. मी मनात दत्ताला म्हणत होते, तुझ्या यात्रेला नाही आले म्हणून रुसू नको, तेवढे पक्षी धरून ठेव.

काठावरची दरड उतरायची होती. उतार घसरडा. मामंजी वर उभे राहिले, खाली बघितलं, एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. हात देणं शक्यच नव्हतं. सुनेने सासऱ्याला शिवायचं नाही. मी दोन पावलं वर चढले, तोंड दुसरीकडे केलं आणि हात मागे पसरला. त्यांना कळलं. त्यांनी काठीचं टोक माझ्या हातात दिलं. काठीचं एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे, असे आम्ही उतरलो.

आणि वाळूवर पोचलो तर पक्षी होते! सगळे होते! माझ्या अंगात आनंद मावेना.

मामंजींना जवळचं दिसत नसे, पण लांबचं माझ्याहून चांगलं दिसे. त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला. खूप वेळ बघितलं. मग हळूहळू हात खाली आणला आणि वाळूत बसले.

"पांढराच शेत," ते स्वतःशीच म्हणाले.

मी वळून बघितलं. खरंच की! ऊन लख्ख पडलेलं, पक्षी पंख मिटून उभे, आणि मिटल्या पंखांनी ते पांढरेच दिसत होते, फार तर फिकट गुलाबी. लाल सगळं आत लपलेलं. "लोकेच खरा व्हतात," मामंजी म्हणाले. "उगवतीनीच लाली व्हती ती." त्यांचा आवाज शांत होता. मला ते शांत असणं सहन होईना. तीस वर्षं गाव त्यांना खोटं म्हणत होतं ते पुरलं नव्हतं, आता ते स्वतःच स्वतःला खोटं म्हणत होते!

माझं डोकंच फिरलं. मी डोक्यावरची पितळी घागर खाली उतरवली, वाळूतला एक दगड उचलला आणि पाण्यात शिरून घागरीवर दणादणा बडवायला लागले. "हुर्र! हुर्र! उठा! उठा मेल्यांनो!" दादरीवरची पाखरं हाकलतात तशी मी ओरडत होते. पदर खांद्यावर आला होता. पाणी गुडघ्यांपर्यंत.

चाळीस माना एकदम वर झाल्या. पक्षी पाण्यावरून धावायला लागले, आणि पंख उघडले.

काय सांगू! सगळं डबकं लाल झालं. लाल आणि काळं, लाल आणि काळं, बदकांसारखा गोंगाट करत ते आमच्या डोक्यावरून गेले, माना पुढे ताणलेल्या, पाय मागे ताणलेले. माझ्या नऊवारीवर त्यांच्या सावल्या पडल्या. मी पाण्यात उभी राहून हसत होते आणि रडतही होते. त्यांनी एक फेरी मारली, रांग धरली आणि खालच्या अंगाला, सुरतेकडे, समुद्राच्या दिशेने गेले.

मागून आवाज आला. "दिखं का?" मी वळले. मामंजी उभे राहिले होते, काठीशिवाय. "माले एकलालेच दिखनात, का तुले बी दिखनात?"

सात वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले होते. आणि विचारत होते एखाद्या घाबरलेल्या पोरासारखे. मला तेव्हा कळलं की या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास गेला होता. मी पदर ओढायला हात वर नेला, आणि तसाच खाली आणला.

"दिखनात, मामंजी," मी म्हटलं. "माले बी दिखनात. लालच व्हतात. उगवतीनी लाली नही, काही नही. लालच व्हतात."

ते मान हलवत राहिले. मग हसले. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं, समोरचा एक दात पडलेला होता.

आनंद ओसरल्यावर माझ्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो. गाव संध्याकाळी परत येणार. पक्षी राहिले असते तर सगळ्यांना आणून दाखवले असते. हातचा पुरावा मीच घागर बडवून उडवून लावला होता! मी चिखलात शिरून निदान एखादं लाल पीस सापडतं का ते शोधलं, गुडघे भरेपर्यंत शोधलं. बदकांची पिसं होती, पण लाल एकही नाही. मी कपाळावर हात मारला. मामंजी म्हणाले, "जाऊ दे. कोनलेच सांगू नको."

"काब्र?"

"सून सासरासंगे एकटी नदीवर गयी, बोलनी, डोकावर पदर नही. काय म्हनतीन लोके? मन्हं नाव तं कव्हयनंच गयं. तुन्हं नको जावाले." आणि काठी घेऊन ते दरडीकडे निघाले. घरी आल्यावर पुन्हा ओट्यावर बसले आणि मी पुन्हा मागच्या दाराने गेले.

संध्याकाळी गाड्या आल्या. दिवेलागणीला आमच्या ओट्यावर माणसं जमली, यात्रेच्या गप्पा सुरू झाल्या. मी दाराआड उभी, हातात चहाची किटली. चुलत सासरे रंगात आले होते. त्यांनी म्हणे एक पांढरा घोडा बघितला, मालकाने कानात सांगितलं की मागच्या दोन पायांवर बसून नमस्कार करतो. कुणीतरी लगेच म्हणालं, "हाऊ लाल बगया शे का?" आणि ओटा खदखदून हसला. हसून झाल्यावर सगळ्यांच्या नजरा सवयीने मामंजींकडे गेल्या.

मामंजी खाली बघत होते. मला वाटलं आता बोलतील. आज तरी बोलतील. त्यांनी नुसतं घोंगडीचं टोक सारखं केलं. माझ्यासाठी हा माणूस गप्प बसला होता. आपलं खरं गिळून बसला होता, माझ्या पदरासाठी!

मी किटली खाली ठेवली आणि उंबरा ओलांडला. सगळ्या गावच्या पुरुषांसमोर. पदर भुवयांपर्यंत होता, पण आवाज मी अजिबात खाली ठेवला नाही.

"लाल बगया खरा शे," मी म्हटलं. "आज सकाये नदीवर चायीस उतरनात. मी देखात, मन्हा डोयाघाई देखात. मामंजीस्नी बी देखात. मीच त्यास्ले ली गयी व्हती, आनि मीच त्यास्नासंगे बोलनी. ज्याले काही म्हननं शे त्यानी माले म्हनो."

नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. चुलत सासरे माझ्याकडे बघत होते, मग मामंजींकडे, मग आपल्या पायांकडे. कोपऱ्यातून एक म्हातारा हळूच म्हणाला, "खोटासाठे कोनती सून अशी उंबरावर येई?" एकेक जण काम आठवल्यासारखा उठला आणि गेला. चहा तसाच राहिला.

आतून सासूबाईंनी माझं मनगट धरून मला ओढलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्यांनी मला चुलीपुढे बसवलं आणि माझा पदर नीट केला. जाळाच्या उजेडात त्यांचा चेहरा काही वेगळाच दिसत होता.

"खरंच लाल शेत?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मिटलेले पांढरे पंख, उघडले की कुंकू, काळी कड, उलट्या बुडवलेल्या माना. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, भाकरी-भरिताचं ताट वाढलं आणि ओट्यावर गेल्या. मामंजी एकटेच बसलेले होते. मी दारात उभी राहिले.

ताट ठेवून सासूबाई तिथेच बसल्या. म्हणाल्या, "आते उतरनात तं माले सांगज्यात."

मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. "तव्हय बी पहिले तुलेच सांगं व्हतं."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "हा," त्या म्हणाल्या. "मी हासनी व्हती. हिरवर जाईसन बठ्ठ्या बायास्ले मीच सांगं व्हतं." म्हणजे नाव उठलं ते त्या विहिरीवरून, आणि मी त्यांनाच विचारलं होतं, कुणी उठवलं.

मामंजींनी ताट पुढे ओढलं, भाकरी मोडली. मग मान वर करून दाराकडे बघितलं.

"सून," त्यांनी मला हाक मारली, "पानी आन."

सासूबाई मध्ये पडल्या नाहीत. मी तांब्या भरून पाणी नेलं.